सूचना : ‘मोकळी दुपार’ – बालविभागाच्या पालक सभासदांसाठी

सर्व पालक सभासदांस कळविण्यात येते की, रविवार, दि. १० मे २०२६ रोजी दुपारी ३ ते ६ या वेळेत गुहागर येथील आपल्या वाचनालयामागील माडांच्या आवारात ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ‘मोकळी दुपार’ ठेवली आहे. तीत कार्यक्रम असा काहीही नाही, आणि तो मुद्दामच ठेवलेला नाही.

गेल्या वर्षी तासभर कुरकुरलेल्या दोघांनी अखेर माडाच्या पोयीची (फुलोऱ्यावरील टणक आवरणाची) होडी केली. ती पाटात बुडाल्यावर उरलेला वेळ ती का बुडाली या वादात गेला. कंटाळ्याने कल्पकता वाढते का, हे पाहणाऱ्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात, टेलिफोन डिरेक्टरीतील क्रमांक उतरवून कंटाळलेल्यांना, ते काम न दिलेल्यांपेक्षा, पेल्यांचे अधिक उपयोग सुचले होते. अर्थात, ते प्रयोग प्रौढांवरचे होते.

- मुलांसोबत मोबाइल, खेळणी वा चित्रकलेचे साहित्य देऊ नये. पाण्याची बाटली व टोपी मात्र द्यावी.
- ‘कंटाळा आला’ अशी तक्रार आल्यास थांबलेल्या पालकांनी कृपया खेळ सुचवू नयेत.
- देखरेखीस कार्यकारिणीचे दोन सदस्य असतील. समुद्राकडे कोणालाही सोडले जाणार नाही.
- नावे शुक्रवार, दि. ८ मेपर्यंत ग्रंथपालांकडे नोंदवावीत.

– कार्यवाह