घराच्या व्यवहारात महिने कुठे जातात

सातारा

चि. सौ. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कोथरूडचा फ्लॅट तुम्हां दोघांना पसंत पडला आणि तुमच्या हडपसरच्या फ्लॅटलाही गिऱ्हाईक आले, हे ऐकून आनंद झाला. दिवाळीच्या आत नव्या घरी जायचा तुमचा बेत जमण्यासारखा आहे. मात्र विसार देण्यापूर्वी तू आणि जावईबापूंनी हे पत्र एकत्र बसून वाचावे, म्हणून फोनवर न सांगता लिहून पाठवते आहे. बँकेच्या गृहकर्ज विभागात माझी बरीच नोकरी गेली आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात सर्व्हर बंद पडला, तरी फार तर दिवस मोडतो. महिने जातात ते एखादा कागद नाही हे पैसे अडकल्यानंतर कळते म्हणून.

कोथरूडच्या व्यवहारात अडण्याची मुख्य जागा वारसांची आहे. मूळ मालक वारले असून सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर थोरल्या मुलाचे नाव नॉमिनी म्हणून लागले आहे, असे तू म्हणालीस. 'सगळे त्यांच्याच नावावर आहे' असे एजंट कितीही सांगो, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सहकारी संस्था कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनुसार तो गृहनिर्माण संस्थेचा केवळ तात्पुरता सभासद होतो. मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुलगे आणि मुली हे सगळे सारखे वाटेकरी असतात, आणि मृताची आई हयात असेल तर तीही. सासरी नांदणाऱ्या बहिणीची काही हरकत नाही, हे तिच्या भावाने सांगून भागत नाही. एक तर तिने खरेदीखतावर विक्रेती म्हणून सही करावी, नाहीतर तिचे हक्कसोडपत्र रीतसर नोंदलेले असावे. म्हणून मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे आणि मृत्युपत्र असल्यास त्याची प्रत आधी हातात घे. कुटुंब सज्जन आहे हे मला मान्य आहे, पण सज्जन कुटुंबांतही सही करायच्या दिवशी मतभेद निघालेले मी पाहिले आहेत.

त्या वारसांपैकी धाकटा भाऊ अमेरिकेत आहे आणि तो मुखत्यारपत्र पाठवणार आहे. त्याने ते भारतीय वकिलातीत किंवा तिथल्या नोटरीसमोर करावे, पण मसुदा आधी आपल्या वकिलांनी पाहिल्याशिवाय सही करू नये. फ्लॅटचे पूर्ण वर्णन, विक्री करण्याचा, मोबदला स्वीकारण्याचा आणि निबंधकांसमोर दस्त कबूल करण्याचा अधिकार, यांतले एक जरी राहिले तरी तेच काम पुन्हा समुद्रापलीकडे जाऊन करावे लागते. ते इथे पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर महाराष्ट्राचे मुद्रांक शुल्क भरायचे असते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. शिवाय तो अनिवासी असल्यामुळे त्याच्या हिश्श्यावरची करकपात इतरांसारखी एक टक्क्याची नसून पुष्कळ जास्त दराने होते. कमी कपात हवी असेल तर तसे प्रमाणपत्र त्याला आयकर खात्याकडून आधी मिळवावे लागते आणि त्याला वेळ लागतो. हा अर्ज त्याने आजच करावा; बाकीची कामे तोवर होत राहतील.

तू पाठवलेले कागदांचे फोटो मी भिंग घेऊन वाचले. जुन्या करारनाम्यात 'सदनिका क्र. 6' आहे, शेअर सर्टिफिकेटवर 'बी-6' आहे आणि मिळकतकराच्या बिलावर इमारतीचे अक्षरच नाही. तुला हे किरकोळ वाटेल. बँकेच्या वकिलाला वाटणार नाही. मूळ दस्तातली चूक सुधारायची तर चूकदुरुस्तीपत्रावर मूळ पक्षकारांच्याच सह्या लागतात, आणि इतक्या वर्षांनी बिल्डरची ती भागीदारी शिल्लक असेलच असे नाही. सोसायटीचे पत्र आणि प्रतिज्ञापत्र यांवर काम भागेल का, हे तुम्ही ज्या बँकेचे कर्ज घेणार आहात तिच्या पॅनेलवरच्या वकिलांना आत्ताच लेखी विचार. आपल्या वकिलाने होकार दिला आणि बँकेच्या वकिलाने तीन आठवड्यांनी नकार दिला, असे नेहमी घडते. हीच गोष्ट तुझ्या नावाची. पॅनवर तू माहेरच्या आडनावाने आहेस आणि आधारवर सासरच्या. कर्ज, शुल्क भरण्याचे चलन आणि करकपात या सगळ्यांना पॅन लागतो, तेव्हा ती दुरुस्ती आधी उरकून घे.

आता हडपसरकडे वळते, कारण तिथले पैसे आल्याशिवाय कोथरूडचे पैसे जाणार नाहीत. तुमच्या फ्लॅटचे मूळ कागद कर्जापोटी बँकेत आहेत, आणि शाखेत विचारलेस तर ते दुसऱ्या शहरातल्या गोदामात असल्याचे सांगतील. कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत न दिल्यास विलंबाच्या दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा 2023 चा आदेश आहे खरा. पण तुमचे कर्ज फिटणार आहे ते गिऱ्हाइकाच्या बँकेने दिलेल्या पैशांतून. त्या बँकेला कर्जबंदीचे पत्र, म्हणजे कर्ज पुरते फेडायला किती रक्कम लागेल ते सांगणारे तुमच्या बँकेचे पत्र, आणि कागदांची यादी आधी हवी असते. यादी आजच मागून ठेव. कर्जबंदीचे पत्र मात्र लवकर घेऊ नकोस, कारण व्याज रोज चढते, त्यातला आकडा थोडेच दिवस टिकतो आणि मग नवे पत्र मागावे लागते.

घर कुणाच्या नावावर घ्यायचे, हेही कर्जाच्या अर्जापूर्वी ठरवा. केवळ स्त्रीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते; दोघांच्या नावे मिळत नाही. मंजुरी आल्यावर हा विचार सुचला, तर मंजुरीच पुन्हा काढावी लागते. मला विचारशील तर घर तुझ्या नावावर घ्यावे, पण तो तुमचा प्रश्न आहे.

विसारपावती साधी ठेवू नका. कोणता कागद कोणी आणायचा आणि कोणत्या तारखेपर्यंत, तो न आल्यास विसार किती दिवसांत परत, हे त्यात लिहून घ्या. नुसते 'तीन महिन्यांत व्यवहार पूर्ण करणे' या वाक्याने कोणीच बांधला जात नाही. जाहीर नोटीस वर्तमानपत्रात लगेच द्या, म्हणजे हरकतींची मुदत इतर कामांबरोबरच संपेल. खरेदीखतावर सह्या झाल्या की चार महिन्यांत ते नोंदणीला जायला हवे, त्यापुढे दंड पडतो; म्हणून सगळे वारस आणि मुखत्यार एका दिवशी हजर राहतील हे पक्के झाल्याशिवाय कोणाचीही सही घेऊ नका. मार्चअखेरही टाळा. मुद्रांक शुल्क ज्यांवरून ठरते ते मिळकतींचे नवे सरकारी दर बहुधा 1 एप्रिलला लागू होतात, आणि त्याआधीच्या आठवड्यात सारे पुणे निबंधकांच्या कार्यालयात लोटलेले असते.

नोंदणीनंतर एक काम बहुतेकजण विसरतात. मूळ कागद ठेवून कर्ज घेतल्याची नोटीस 30 दिवसांत निबंधकांकडे द्यायची असते, तीही त्याच आठवड्यात देऊन टाका.

वारसांची यादी आणि मुखत्यारपत्राचा मसुदा आला की मला पाठव. जावईबापूंना आशीर्वाद सांग.

तुझी,
आई