रेडिओवाल्या काकांना, जाहीर आभार

काका, सप्रेम नमस्कार.

बिल तुम्ही इतकं कमी लावलंत, की राहिलेलं देणं चारचौघांत फेडायचं ठरवलं.

जुन्या बाजारातून तो मर्फी कंपनीचा रेडिओग्राम, म्हणजे एकाच लाकडी पेटीत रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर, टेम्पोत घालून आणला, तेव्हा घरचे म्हणाले, एवढं धूड ठेवणार कुठे? ठाण्याच्या कारखान्यातला माल, लाकूड शाबूत, मागचा पुठ्ठा गायब, आत झुरळांचा संसार. एका दुकानदाराने सांगितलं, 'आतलं सगळं काढून टाकू, ब्लूटूथ बसवू, संध्याकाळी गाणी लावा.' तुम्ही मात्र आधी एवढंच विचारलंत, 'प्लग लावून बघितला नाहीत ना?' नाही म्हटल्यावर तुमचा चेहरा खुलला.

त्यामागचं कारण तुम्ही समजावलंत म्हणून कळलं. जुने कागदी कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे छोटे सुटे भाग, गळके होतात, अडवायची ती वीज सोडू लागतात. ईएल ८४ व्हॉल्व्हच्या, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या काचेच्या नळीच्या, ग्रिडवरचा (आतल्या जाळीला जोडलेला) कंडेन्सर गळका असला, तर नको तिथे व्होल्टेज पोचतं, व्हॉल्व्ह तापून लाल होतो आणि ट्रान्सफॉर्मरही त्याच्याबरोबर जातो. म्हणून तुम्ही आधी तो बदललात, मग सेट सिरीज बल्बवर, म्हणजे विजेच्या वाटेत एक बल्ब जोडून, चालू केलात. बल्ब भक्कन पेटला, हळूहळू मंद झाला. 'ट्रान्सफॉर्मर धडधाकट आहे,' म्हणालात आणि चहा सांगितलात.

डायलचा दोरा सोडवण्याआधी लग्नपत्रिकेच्या पाठीवर त्याची वाट काढून ठेवलीत: कुठल्या पुलीवरून, ड्रमला किती वेढे, स्प्रिंग कुठे. फिल्टर कंडेन्सरचा जुना डबा पोखरून नवे कंडेन्सर त्यातच बसवलेत. चॅसिस, म्हणजे आतला पत्र्याचा सांगाडा, उलटी करून कोण बघणार आहे, असं मी म्हणालो. तुम्ही मान वर न करता म्हणालात, 'पुढचा मेकॅनिक.' कामाची अशी पत ठेवणारी माणसं मला तरी फार भेटलेली नाहीत.

चपडा लाखेचं पॉलिश माझं मीच केलं, तुम्ही फक्त नाक मुरडलंत.

आता बटण फिरवलं की व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबावं लागतं. मुलांना ते नवल वाटतं. मग घूं, मग खरखर, आणि ७९२ किलोहर्ट्झवर पुणे केंद्र. काटा नेमका जागेवर आला की मॅजिक आयची, म्हणजे स्टेशन नीट लागलं की नाही ते दाखवणाऱ्या दिव्याची, हिरवी पानं जवळ येतात. तुम्ही दिलेली तांब्याच्या जाळीची एरियल भिंतीवर ताणली आहे. तरी शेजारचे एलईडी दिवे लागले की मिडियम वेव्हचा बोऱ्या वाजतो. त्याला तुमच्याकडेही औषध नाही म्हणालात.

रेकॉर्ड आपोआप बदलणाऱ्या चेंजरचं रबरी चाक कडक झालंय, ते दिवाळीनंतर बघू असं ठरलं आहे. येताना आईने केलेल्या चकल्या आणतो. या खेपेला पाकीट परत माझ्या खिशात कोंबायचं नाही.

तुमचा,
रेडिओग्रामवाला