काका, तुम्ही माझा हात सोन्याच्या पायावर ठेवलात

काका,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. शर्यतीच्या कार्डावर घोड्याचं नाव असतं, त्याच्या आईबापांचं असतं, मालक, ट्रेनर, जॉकी असतात, पाठीवरचं वजनसुद्धा अर्ध्या किलोपर्यंत मोजून छापलेलं असतं. अंधारात उठून खरारा करणारा, चंदी घालणारा, रात्री घोडा पोटदुखीने लोळत तर नाही ना हे बघायला उठणारा मोतद्दार मात्र त्या कागदावर कुठेच नसतो. निदान इथे तरी तो, म्हणजे तुम्ही, असावा.

माझा शर्यतीचा घोडा सोन्या तुमच्याकडे आला त्याआधीचं थोडं सांगायलाच हवं, अजून राग गेलेला नाही. दोन वर्षांचा असताना त्याच्या नडग्या दुखल्या. तरुण घोड्यांचं हाड सरावाने घट्ट होत असतं, त्या काळात हे पुष्कळांना होतं. विश्रांती मिळाली आणि तो सुरेख धावायला लागला. पण तिसऱ्या वर्षी काहीतरी बिघडलं. वळणावर तो बाहेर ओढायचा. सरळ पट्ट्यात आल्यावर थकलेला पाय बदलून दुसरा पुढे घ्यायचा असतो, तो घेईना. मी पुन्हा पुन्हा विचारलं. उत्तरं काय मिळाली? आळशी आहे. कामचोर आहे. ताई, तुमच्या लाडाने बिघडलाय. डॉक्टरांनी दारातूनच बघून ‘ठीक’ लिहिलं. त्याला चालवून दाखवा, एवढंही कुणी म्हटलं नाही. उपाय सुचवला तो एकच, जॉकीला चाबूक जरा लवकर काढायला सांगू.

मग पागा बदलली आणि सोन्या तुमच्या हाती आला. मोठ्या शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी मी आले तेव्हा तुम्ही म्हणालात, “ताई, जरा हात द्या.” मला पेंढ्यावर खाली बसवलंत. माझा तळहात आधी त्याच्या उजव्या पुढच्या पायावर, गुडघ्याखाली नळीच्या मागे ठेवलात. थोडा वेळ तसाच राहू दिलात. मग डाव्या पायावर. डावा कोमट होता. फार नाही, घाईत असलेल्या माणसाला कळणारही नाही इतकाच. तुम्ही विचारलंत, “लागतंय?” मी हो म्हणाले. तुम्ही उठलात आणि ट्रेनरना बोलवायला गेलात.

काका, तोवर प्रत्येकाने मला माझ्या घोड्याबद्दल काहीतरी सांगितलं होतं. माझा हात धरून ‘तुम्हीच बघा’ असं म्हणणारे तुम्ही पहिले. तुम्ही नुसतं सांगितलं असतंत तरी मी ऐकलं असतं. पण त्यानंतर नाव मागे घेण्यावरून भागीदार चिडले, तीन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यती आयुष्यात एकदाच येतात म्हणून मला ऐकवलं गेलं, तेव्हा माझ्या तळहाताला ती ऊब आठवत होती. म्हणून मी हटले नाही.

नंतर सोनोग्राफीत दिसलं, कंडरेचे, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीचे, आतले धागे तुटलेले होते. पुढचं मी वाचून वाचून शिकले. घोड्याच्या पुढच्या पायाला गुडघ्याखाली स्नायू असा जवळजवळ नसतोच. हाड, कंडरा आणि अस्थिबंध. चारपाचशे किलोचा जीव भरधाव सुटतो तेव्हा एकेका पुढच्या पायावर क्षणभर शरीराच्या सुमारे अडीचपट भार येतो. कंडरा रबरासारखी ताणली जाते, आतून ४५ अंशांपर्यंत तापते. आणि थरोब्रेड, म्हणजे सोन्यासारखा शर्यतीच्या जातीचा घोडा, दुखतंय म्हणून थांबत नाही. १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्कवर रफियन नावाची घोडी धावत असताना तिचा उजवा पुढचा पाय मोडला. त्याआधीच्या दहाही शर्यती तिने जिंकल्या होत्या. पाय मोडल्यावरही ती पळत राहिली. शस्त्रक्रिया झाली, पण तिला वाचवता आलं नाही. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण सोन्याही तसाच पळत राहिला असता.

पुढचे महिने तुमचे होते. आधी नुसतं हातात धरून चालवणं, मग पाठीवर स्वार घेऊन चालवणं, मग हलकी दुडकी. कंडरा भरायला वर्षभर लागतं आणि भरली तरी पूर्वीसारखी लवचीक होत नाही, हे तुम्ही मला आधीच सांगून ठेवलंत, खोटी आशा लावली नाहीत. सोन्या परत धावला. पूर्वीचा वेग नव्हता, पण एक छोटी शर्यत त्याने जिंकली आणि मग आपल्या चार पायांवर चालत निवृत्त झाला.

त्या संध्याकाळी तुम्ही गप्प राहिला असतात तर तुम्हाला कुणी दोष दिला नसता. बोलण्यात मात्र धोका होता. मोतद्दाराने डॉक्टरांच्या ‘ठीक’ला आव्हान द्यायचं, तेही मालकिणीसमोर! नव्या ट्रेनरनी तुमचं ऐकलं हा त्यांचा चांगुलपणा, त्यांचेही आभार. पण आधी कुणीतरी बोलावं लागतं. चांगली माणसं बहुधा अशीच असतात, आपल्या कामाची हद्द जिथे संपते असं लोक सांगतात, त्याच्या एक पाऊल पुढे जाऊन बघतात.

१९७३ मध्ये सेक्रेटेरियट या घोड्याने अमेरिकेतली बेलमाँट स्टेक्स ही मोठी शर्यत ३१ लांबींनी, म्हणजे एकतीस घोडे मावतील एवढ्या अंतराने, जिंकली. त्याचं नाव सगळ्या जगाला माहीत आहे. पण केंटकी हॉर्स पार्कमधल्या पुतळ्यात त्याच्यासोबत जॉकी रॉन टर्कॉट आहे, तसा त्याचा मोतद्दार एडी स्वेटही आहे. तो फोटो पाहिला आणि मला फार बरं वाटलं. असं सगळीकडे व्हायला हवं.

सोन्या आता नव्या जागी स्वारीचा घोडा म्हणून शिकतोय. तिथले डॉक्टर मनापासून तपासतात, पाय उत्तम आहे म्हणतात. तरी सवड काढून एकदा या. येण्याजाण्याची सोय मी करते. तुमच्याकडून ऐकल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

तुमची,
ताई