लाल ठिपक्याचा पेनड्राइव्ह

दादा,
स. न. वि. वि.

राखीपौर्णिमेला तुम्ही बहिणीकडे जेवायला आलात आणि दुपारभर शेजारच्या घरी, म्हणजे माझ्याकडे, कॉम्प्युटरसमोर बसून राहिलात. वहिनी अजून ऐकवतात, "माझा भाऊ वर्षातून एकदा येतो, तोही तू पळवलास." त्यांच्याकडे पुरणपोळ्या पोचल्या आहेत. तुम्हाला हे पत्र. उघड लिहिते आहे, कारण सांगलीत आणि सांगलीबाहेर माझ्यासारख्या घरी बसून डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम, करणाऱ्या पुष्कळ बायका आहेत आणि सगळ्यांकडे कोणाचा ना कोणाचा पेनड्राइव्ह येतच असतो.

त्या दिवशी गणपती अडीच आठवड्यांवर आले होते. मंडळाच्या स्मरणिकेच्या सगळ्या जाहिराती ज्या पेनड्राइव्हवर होत्या, त्यातल्या प्रत्येक फोल्डरवर एक बारकासा बाण आला होता. साइज बघावी तर दोन केबी. माझ्या कॉम्प्युटरवरच्या दुसऱ्या पेनड्राइव्हचीही तीच गत. दोन ठिकाणी फोन केला, दोन्हीकडून एकच उत्तर आलं, "फॉरमॅट मारा." म्हणजे सगळं पुसून टाका. जाहिरातदारांकडे परत कोणत्या तोंडाने जायचं, हा विचार करत मी गॅलरीत उभी होते आणि तुम्ही हात धुवायला बाहेर आलात.

"फाइली गेल्या नाहीत ताई, लपल्यात," हे तुमचं पहिलं वाक्य. मला वाटलं, धीर देताहेत. पण तुम्ही पेनड्राइव्हच्या प्रॉपर्टीज उघडून दाखवल्यात. फोल्डर दोन-दोन केबीचे आणि वापरलेली जागा मात्र तीन जीबी! म्हणजे माल आतच होता. व्हायरसने खरे फोल्डर लपवून त्यांच्या नावाचे शॉर्टकट वर मांडले होते. शॉर्टकटवर क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो आणि मग फोल्डरही उघडतो, म्हणून आपल्याला महिनोन्‌महिने शंका येत नाही. साफसफाई झाल्यावर तुम्ही आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत लपलेलं उघडं करणारी अ‍ॅट्रिबची एक ओळ टाइप केलीत आणि चितळ्यांपासून हळद व्यापाऱ्यांपर्यंत सगळ्या जाहिराती परत आल्या. मी रडले नाही, डोळ्यांत कचरा गेला होता.

पण मला आभार मानायचेत ते त्यानंतरच्या तीन तासांचे.

"अँटिव्हायरस कुठला आहे?" तुम्ही विचारलंत. "तीन आहेत," मी जरा तोऱ्यातच सांगितलं. तुम्ही हसलात, मग सॉरी म्हणालात. एक दोन वर्षांपूर्वी दुरुस्तीवाल्याने पैसे घेऊन टाकलेला, तो क्रॅक केलेला, म्हणजे चोरीची प्रत, निघाला. त्याला टाकल्या दिवसापासून एकही अपडेट मिळालेला नव्हता. दुसरा मुलाने फुकटातला टाकलेला. तिसरा कोणी टाकला हे कोणालाच माहीत नाही, तो "तुमच्या संगणकात ४७ धोके" असं लाल अक्षरांत ओरडत आपणहून आलेला. एका वेळी दोन अँटिव्हायरस चालू असले की प्रत्येक फाइल दोघे तपासतात, एकमेकांवरच संशय घेतात आणि मशीन मुंगीच्या पावलाने चालतं, हे मला तेव्हा कळलं. मी रॅम वाढवायला निघाले होते.

मग तुम्ही कोणता घ्यायचा हे सांगण्याऐवजी मलाच प्रश्न विचारत बसलात. मशीनवर काय काम चालतं? पेनड्राइव्ह किती लोकांचे येतात? बँकेचे व्यवहार कशावर करता? मुलं गेम उतरवतात का? तोवर मला भेटलेल्या प्रत्येकाने आधी खोका पुढे केला होता. तुम्ही चहा गार होईपर्यंत नुसतं ऐकत होतात.

त्यातून माझी खरी अडचण बाहेर आली. माझं जुनं मशीन विंडोज ७ वर आहे, कारण पानं लावायचं पेजमेकर आणि जुनं मराठी फाँटचं सॉफ्टवेअर त्यावरच नीट चालतं. वीस वर्षांच्या लग्नपत्रिका त्यात आहेत. तुम्ही सांगितलंत की विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० ला थांबल्या. भिंतीला भगदाड असताना दाराला कितीही भारी कुलूप लावून काय उपयोग? २०१७ च्या मे महिन्यात फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस जगभर पसरला, तेव्हा त्याची दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती. ज्यांनी ती टाकली नव्हती ते सापडले. एवढं सांगून तुम्ही उठलात आणि जुन्या मशीनची नेटची वायर काढून माझ्या हातात दिलीत. "याला हाच पहिला अँटिव्हायरस."

नव्या लॅपटॉपवर, विंडोज ११ आहे म्हणून, विंडोजसोबतच आलेला डिफेंडर हा अँटिव्हायरसच पुरे म्हणालात. लॅपटॉपबरोबर आलेली दुसऱ्या कंपनीच्या अँटिव्हायरसची चाचणी आवृत्ती मुदत संपून पडून होती, ती काढलीत आणि डिफेंडर चालू झाल्याची खात्री केलीत. बाहेरचा अँटिव्हायरस असला की डिफेंडर मागे सरतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

जुन्या मशीनसाठी मात्र एक विकतचा घ्यायला लावलात, कारण पेनड्राइव्ह लावताक्षणी तो तपासणारा हवा होता, आणि विंडोज ७ वर चालतो की नाही हे आधी बघायला लावलंत. निवडताना अँटिव्हायरसची परीक्षा घेणाऱ्या दोन संस्थांचे, जर्मनीत माग्देबुर्गच्या एव्ही-टेस्टचे आणि ऑस्ट्रियात इन्सब्रुकच्या एव्ही-कम्पॅरेटिव्ह्जचे, निकाल उघडलेत. किती व्हायरस पकडले यावर माझा डोळा, तुमचा मात्र दुसऱ्या रकान्यांवर: चांगल्या फाइलीला किती वेळा चोर ठरवलं आणि मशीन किती हळू केलं. पहिल्या वर्षाची किंमत बघू नका, दुसऱ्या वर्षाची बघा, हे तर कोणत्याच दुकानदाराने सांगितलं नसतं. मधेच काटकर बंधूंची गोष्ट सांगितलीत. कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर, धाकटे भाऊ संजय, आणि पुण्यातल्या दुरुस्तीच्या दुकानातून उभी राहिलेली क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी. आमच्या यांनी तेवढ्यासाठी टीव्हीचा आवाज बारीक केला.

जुने तिन्ही काढताना प्रत्येकानंतर मशीन रीस्टार्ट केलंत. एकाचे अवशेष जाईनात, तर त्याच कंपनीचं काढून टाकायचं टूल वापरलंत. नवा टाकल्यावर मी म्हटलं, चालतोय हे कशावरून? तुम्ही नोटपॅडमध्ये ६८ अक्षरांची एक विचित्र ओळ लिहून सेव्ह केलीत आणि अँटिव्हायरस ताडकन ओरडला. आयकार म्हणतात त्या ओळीला, बिनविषारी, फक्त राखणदार जागा आहे का बघण्यापुरती. माझा मुलगा आता ही जादू सगळ्या मित्रांना दाखवतो.

रात्री तुम्ही गेल्यावर पूर्ण स्कॅन झाला आणि सकाळी मराठी टाइप करायला गेले तर नुसते चौकोन. जीव गेला! फोनवर तुम्ही शांतपणे क्वारंटाइन, म्हणजे संशयित फाइलींची कोठडी, उघडायला सांगितलंत. माझ्या फाँटच्या सॉफ्टवेअरची फाइल तिथे डांबलेली होती. लॅपटॉपवरून ती व्हायरसटोटल या वेबसाइटवर तपासायला लावलीत, साठ-सत्तर अँटिव्हायरसचं मत एकदम मिळतं तिथे. दोघांनीच बोट दाखवलं, आणि फाइल मूळ सीडीवरचीच होती. मग तेवढी एक फाइल सोडवलीत. मी सगळा डी ड्राइव्हच स्कॅनमधून वगळायला निघाले होते, तर केवढ्यांदा ओरडलात! गिऱ्हाइकाची कागदपत्रं मात्र व्हायरसटोटलवर कधी चढवू नका, ती इतरांच्या हाती जाऊ शकतात, हेही बजावलंत.

आता घरचा रिवाज सांगते. बाहेरचा पेनड्राइव्ह आधी लॅपटॉपवर तपासायचा. हवं तेवढंच माझ्या पेनड्राइव्हवर घ्यायचं, ज्यावर तुम्ही माझ्याच नेलपॉलिशने लाल ठिपका दिलात. तोच फक्त जुन्या मशीनला लागतो. दर शनिवारी अपडेटची फाइल लॅपटॉपवर उतरवून त्याच ठिपक्यावाल्यातून पलीकडे नेते. गेल्या वर्षीच्या पंचांगावर यंदाचा मुहूर्त काढू नये, हे पत्रिका छापणाऱ्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही. लग्नपत्रिकांची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर आहे आणि ती डिस्क कपाटात, साड्यांखाली. काही गिऱ्हाइकं चिडतात, "आमच्या पेनड्राइव्हवर संशय घेता का?" हो, घेते.

स्मरणिका वेळेत छापून आली. आभाराच्या पानावर तुमचं नाव नको म्हणालात, नाही घातलं. पैसेही घेतले नाहीत. म्हणून वहिनींबरोबर दोन किलो भडंग पाठवतेय, त्यात स्मरणिका आणि तिच्या पीडीएफचा पेनड्राइव्ह आहे. माझ्याकडून आलाय म्हणून तसाच लावू नका, आधी स्कॅन करा.

तुमची,
शेजारची ताई