मोकेनांची मोजणी

खुरा बुरी, फांग न्गा प्रांत, थायलंड
14 जानेवारी

तीर्थरूप आप्पांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

थायलंड-म्यानमारच्या समुद्रात होड्यांतून भटकत आलेल्या ज्या मोकेन लोकांना स्वतःचे वय सांगता येत नाही असे आपण वाचलेत, त्यांना मोजता तरी येते का, असे आपण फोनवर विचारले होतेत. गणिताच्या मास्तरांनी विचारावा असाच हा प्रश्न असल्यामुळे सविस्तर लिहिते.

2004 च्या त्सुनामीतून इथल्या किनाऱ्यासमोरच्या सुरिन बेटांवरचे मोकेन डोंगरावर चढून वाचले, तेव्हा या लोकांना काळाची कल्पनाच नाही, असे त्यांच्याविषयी बरेच छापून आले. वय न मोजणे म्हणजे मोजता न येणे, असा अर्थ त्यातून काढणे मला पटत नाही. आपल्या पणजीला तरी जन्मतारीख कुठे ठाऊक होती? ती मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीच्या, साली जन्मली, एवढ्यावर तिचे आयुष्य निभावले, पण वाण्याच्या हिशोबात तिला कोणी फसवू शकले नाही. मोकेनही समुद्रकाकड्या (समुद्रतळावरचे काकडीच्या आकाराचे प्राणी) आणि शिंपले व्यापाऱ्यांना देऊन त्यांच्याकडून तांदूळ घेत आले आहेत, आणि असा व्यवहार मोजल्यावाचून होत नाही.

त्यांचे आकडे दहापर्यंत सरळ चालतात. भाषेला परंपरेने लिपी नसल्यामुळे मी कानाला जसे वाटतात तसे लिहिते: तीन म्हणजे तेलोय, चार पात, पाच लेमा, सहा नाम, आठ वालोय. आता हेच आकडे मादागास्करमध्ये पाहा. तेथे तीनाला तेलु आणि आठाला वालु म्हणतात. न्यूझीलंडच्या माओरींकडे तेच तोरु आणि वारु होतात, आणि पाचाला ते रिमा म्हणतात. हिंदी महासागराच्या पश्चिम कडेपासून प्रशांत महासागराच्या दक्षिण टोकापर्यंत पसरलेल्या ऑस्ट्रोनेशियन कुळातली मोकेन ही एक भाषा, आणि हे नाते ओळखायला पाचसहा आकडे पुरेसे होतात.

गंमत अशी की मोकेनांच्या अगदी शेजारच्या मलय भाषेने यांतले काही जुने शब्द टाकून दिले आहेत. तिच्यात तीनाला तिगा आणि आठाला दलापान म्हणतात. दलापान म्हणजे मुळात ‘दहातून दोन काढलेले’, आणि नऊ, म्हणजे संबिलान, ‘दहातून एक काढलेला’. आपण वीसाला एक कमी म्हणून एकोणीस म्हणतो, तीच ही वजाबाकी, फक्त दहाच्या आतली. मोकेनांनी मात्र आठाचा जुना शब्द सांभाळला आहे. सुरिनच्या वस्तीतली मुले आता शाळेत थाई शिकतात, आणि पर्यटकांशी पैशांचा व्यवहार थाई आकड्यांतच होतो: नुंग, सोंग, साम, सी. यांपैकी साम आणि सी ऐकून दक्षिण चीनच्या माणसाला परके वाटणार नाही, कारण थाईचे बहुतेक आकडे मुळात चिनीकडून आलेले आहेत.

मोठ्या संख्यांसाठी मलय लोकांनी आपल्याकडचे शब्द उचलले, पण किमती मात्र घसरल्या किंवा वधारल्या. त्यांचा लक्सा, म्हणजे आपला लक्ष, 10,000 चा झाला. कोटीपासूनचा कती 1,00,000 चा. आणि संस्कृतात 10,000 असलेले अयुत तेथे जुता होऊन 10,00,000 झाले. शेजारच्या जोशीकाकांना हे अवश्य सांगा. लक्ष-कोटीवरून त्यांच्याशी वाद घालायला आपल्याला नवे निमित्त होईल.

आईला नमस्कार, चिंटूला आशीर्वाद.

आपली,
वैदेही