दुपारी दीडच्या बॅकअपबद्दल आभार

प्रति,
आमच्या महाविद्यालयाचे नेटवर्क सांभाळणारे सर यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझ्या टेबलावरील संगणकाची हार्ड डिस्क सकाळी कटकट आवाज करत बंद पडली, आणि त्याच दिवशी तीन वाजायच्या आत वेतन देयके, शिष्यवृत्तीच्या याद्या व फी-पावत्यांचा हिशेब आदल्या दुपारपर्यंत जसा होता तसा शेजारच्या संगणकावर उघडला. त्या वेळी घाईत तोंडी आभार मानले. तेवढ्यावर भागवणे मला बरे वाटले नाही, म्हणून सर्वांसमक्ष हे पत्र लिहीत आहे.

आपण येण्यापूर्वी आमच्या कार्यालयात बॅकअप म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी या टेबलावरून त्या टेबलावर फिरणारा एक पेनड्राइव्ह होता, आणि मार्चअखेरीच्या धांदलीत तो नेमका कोणाच्या खणात आहे हेच कळत नसे. आपण पहिल्याच बैठकीत सांगितले की हे काम कोणाच्या आठवणीवर सोडायचेच नाही, आणि प्रत्येक संगणकापुढे जाऊन न बसता सर्व्हरवरून ग्रुप पॉलिसीने (सगळ्या संगणकांना एकाच जागेवरून सूचना देण्याची सोय) टास्क शेड्युलरमधील, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप सुरू होणारे, बॅकअपचे एकच काम सगळीकडे पाठवले.

पहिला आठवडा ते चालले नाही, आणि खरे तर माझे आभार त्या आठवड्यासाठीच अधिक आहेत. रात्री दहाची वेळ ठरली होती. पण आमचे शिपाईमामा सव्वासहाला मेन स्विच खाली करूनच कुलूप लावतात, ही वीस वर्षांची सवय आहे. जे दोन-तीन संगणक चालू राहिले, त्यांनाही 'झेड ड्राइव्ह' (सर्व्हरवरच्या फोल्डरला दिलेले छोटे नाव) सापडला नाही, कारण तो लॉगिन केलेल्या माणसापुरताच असतो आणि रात्रीच्या कामाला दिसत नाही, हे आपण शोधून काढले व सर्व्हरचा पूर्ण पत्ता लिहिला. मामांना सवय बदलायला न सांगता आपण वेळ दुपारी दीडची केली, सगळे संगणक एकदम नेटवर्कवर तुटून पडू नयेत म्हणून प्रत्येकाला अर्ध्या तासाच्या आत मागेपुढे सुरू व्हायला लावले, आणि त्या वेळी बंद असलेल्या संगणकाने सुरू होताच चुकलेले काम करावे, अशीही सोय ठेवली.

मग जेवणाच्या सुट्टीत उघडे राहणारे आउटलुक हे ईमेलचे सॉफ्टवेअर आडवे आले. त्याची ईमेल साठवणारी उघडी पीएसटी फाईल रोबोकॉपीला (फायलींची प्रत काढणारा विंडोजमधील प्रोग्राम) मिळेना, आणि तो मुळात दर ३० सेकंदांनी, दहा लाख वेळा, पुन्हा प्रयत्न करत राहतो. आपण तिथेच कागदावर गुणाकार करून दाखवला तेव्हा उत्तर अकरा महिन्यांच्या वर गेले. आम्ही हसलो, पण एका फाईलपायी मागची सगळी रांग अडून राहिली होती. आपण प्रयत्न दोनवर आणले आणि ईमेलच्या फायलींसाठी शॅडो कॉपीची, म्हणजे फाईल उघडी असतानाही तिची प्रत घेण्याची, वेगळी व्यवस्था केली.

एका रविवारी अहवालात निकालाच्या रकान्यात '१' पाहून मी घाबरून आपल्याला फोन केला होता, त्याबद्दल क्षमस्व. रोबोकॉपीच्या भाषेत १ म्हणजे नव्या फायली नीट उतरल्या आणि काळजी करायची ती आकडा ८ किंवा त्याहून वर गेल्यावर, हे आता मी चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवले आहे.

केवळ हुबेहूब प्रत ठेवली तर इकडे चुकून पुसलेले तिकडूनही पुसले जाते, म्हणून आपण सर्व्हरवर चौदा दिवसांच्या प्रती निरनिराळ्या ठेवल्या. शिवाय एक डिस्क दर शनिवारी प्रत घेऊन झाली की केबल काढून प्राचार्यांच्या कपाटात जाते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा घातक प्रोग्राम एका संगणकावरून दुसऱ्यावर नेटवर्कमधूनच कसा पसरत गेला, हे आपण समजावल्यापासून त्या केबलबद्दल कोणी कुरकुर करत नाही.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी एक जुनी फाईल बॅकअपमधून परत आणून उघडून पाहायची, ही आपली अट मी पाळत आहे. या वेळी जून २०२२ चे वेतन देयक काढले. ते उघडले आणि बेरीज कागदावरच्या प्रतीशी जुळली.

आपली कृतज्ञ,
मुख्य लिपिक, लेखा विभाग