न सांगण्याची शपथ : लेकीस पत्र

प्रिय लेकीस,
अनेक आशीर्वाद.

वर्गातल्या काही मुली तुझ्या मैत्रिणीला छळतात आणि हे बाहेर गेले तर पुढची पाळी तुझी, असे त्यांनी तुला बजावले आहे, हे काल तू सांगितलेस ते बरे केलेस. मैत्रिणीनेही तुला शपथ घातली, याचे मला नवल वाटले नाही. सांगितल्यावर त्रास वाढेल ही भीती तिलाच सर्वांत जास्त असणार.

शाळेतील छळाचा १९७०च्या दशकापासून अभ्यास करणारे डॅन ओल्वेउस यांनी त्याच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: तो मुद्दाम केलेला असतो, पुन्हापुन्हा होतो आणि सोसणाऱ्याला स्वतःचा बचाव करणे अवघड जाते. ही तिसरी खूण असेल, तर ‘तुमचे तुम्ही मिटवा’ हा बरोबरीच्या भांडणातला सल्ला निरुपयोगी ठरतो. कॅनडातील शाळांच्या मैदानांवर केलेल्या चित्रणात असे दिसले की छळाच्या वेळी बहुधा इतर मुले हजर असतात आणि त्यांपैकी कोणी मध्ये पडले, तर निम्म्याहून अधिक वेळा तो १० सेकंदांच्या आत थांबतो. पण म्हणून तू एकटीने चौघींना अंगावर घ्यावेस असे मी मुळीच म्हणणार नाही; मधल्या सुट्टीत तिच्याजवळ बसलीस तरी पुष्कळ झाले.

मोठी माणसे प्रकरण बिघडवतात, ही तुझी शंका मात्र खोटी नाही. दोन्ही बाजूंना समोरासमोर उभे करून ‘सॉरी म्हणा आणि विसरा’ असे सांगितले, की वर्गात सारे शांत होते आणि फाटकाबाहेर नव्याने सुरू होते. त्यामुळे वर्गशिक्षिकांना मी काय सांगणार, हे आधी तुला सांगेन, मुलींशी वेगवेगळे बोलावे असा आग्रह धरेन आणि माहिती कोणी दिली हे वर्गात उघड करू नये, असे स्पष्टपणे मागेन. मैत्रिणीच्या जिवाला किंवा शरीराला धोका दिसला, तर मात्र मी तुझ्या संमतीसाठी थांबणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

तुझ्या फोनवर आलेले मेसेज पुसू नकोस. कोणत्या दिवशी, कुठे, काय घडले ते वहीत लिही. मी शाळेत जाण्यापूर्वी मैत्रिणीला विश्वासात घे. तिच्या आईशी ती स्वतः बोलते, की आपण दोघींनी तिच्यासोबत जायचे, ते तिला ठरवू दे.

तुझी,
आई